अकरा अश्वशक्तीच्या पलीकडे

एस्कॉर्ट्स आणि यामाहा यांच्या सहकार्यातून १९८५ साली भारतीय रस्त्यांवर उतरलेल्या आरएक्स १०० या मोटरसायकलचे इंजिन अवघे ९८ घन सेंटिमीटरचे होते. मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर मिळणारी ११ अश्वशक्ती ही तिची सारी पुंजी. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण गाडीचे वजन शंभर किलोच्या आसपास होते आणि त्या काळातील शंभर सीसीच्या फोर-स्ट्रोक गाड्या सात-साडेसात अश्वशक्तीवर समाधान मानत होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या छोट्या गाडीचा दरारा समजतो. १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिचे चाहते मात्र थांबले नाहीत. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांची दुकाने असोत, मुंबईत कुर्ल्याचा जुन्या मालाचा बाजार असो की कोल्हापूरच्या उद्यमनगरातील लेथ, या गाडीचा सिलिंडर, पिस्टन आणि कार्बोरेटर यांची विचारपूस आजही होत असते.

ही विचारपूस केवळ गाडी चालू ठेवण्यासाठी नसते. कारखान्याने दिलेल्या अकरा अश्वशक्तीत आणखी तीन-चारांची भर घालता येते, असे सांगणारा कोणी ना कोणी प्रत्येक गावात भेटतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. शक्ती खरोखरच वाढवता येते. मात्र ती कोठून येते, तिच्या मोबदल्यात इंजिन काय गमावते आणि रस्त्यावर तिची किंमत कोणाला मोजावी लागते, या प्रश्नांची उत्तरे गॅरेजच्या ओट्यावर फारशी मिळत नाहीत.

शक्तीचा हिशेब

पेट्रोलचे इंजिन म्हणजे मुळात हवेचा पंप. इंधन वाढवणे सोपे असते, कार्बोरेटरचे जेट बदलले की काम झाले. अवघड असते ते त्या इंधनाच्या ज्वलनाला पुरेल इतकी हवा सिलिंडरमध्ये कोंबणे. म्हणून शक्ती वाढवण्याचे मार्ग तीनच उरतात. प्रत्येक आवर्तनात अधिक हवा भरावी, मिनिटाला अधिक आवर्तने करून घ्यावीत, किंवा भरलेल्या मिश्रणातून अधिक रेटा काढून घ्यावा. बाजारात मिळणारा प्रत्येक सुटा भाग, त्याचे नाव कितीही भारदस्त असो, या तिघांपैकी एखादेच काम करत असतो. हे तिन्ही न करणारा भाग दिसायला कितीही सुंदर असला तरी तो शोभेचाच.

टू-स्ट्रोक इंजिनात पिस्टनच्या प्रत्येक वरच्या फेरीला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये एक फेरी सोडून. आरएक्स १०० ने लिटरमागे ११२ अश्वशक्तीचा हिशेब साधला तो या जोरावर. तिच्याच घराण्यातील राजदूत ३५० ची अधिक शक्तीची आवृत्ती ३४७ घन सेंटिमीटरमधून साडेतीस अश्वशक्ती देत असे, म्हणजे लिटरमागे ८८. धाकटी बहीण थोरलीपेक्षा आधीच अधिक ताणलेली होती. तिच्यातून आणखी काही काढायचे तर हात जपूनच चालवायला हवा.

आणखी एक गणित सुरुवातीलाच मांडलेले बरे. हवेचा विरोध मोडून काढायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी १०० किलोमीटरवर हवा कापायला जितकी शक्ती लागते, तिच्यापेक्षा ११० वर ३३ टक्के अधिक लागते आणि १३० वर दुपटीहून जास्त. अकरा अश्वशक्तीवर शंभरी गाठणाऱ्या गाडीला ताशी १३० किलोमीटरने पळवायचे तर चाकाच्या आकारात किंवा स्वाराच्या बसण्यात फरक न करता चोवीसच्या आसपास अश्वशक्ती लागेल. चहाच्या टपरीवरच्या पुष्कळ कहाण्या या एका आकडेमोडीपुढे टिकत नाहीत. स्पीडोमीटरचा काटा खऱ्या वेगापेक्षा काहीसा पुढे असतो, ही गोष्टही कहाणी सांगणारा विसरतो. इंजिनातील सुधारणेचा खरा लाभ कमाल वेगात कमी आणि वेग पकडण्याच्या तडफेत जास्त दिसतो. गॅरेजच्या भाषेत सांगायचे तर ‘पिकअप’मध्ये.

खिडक्यांचे मिलिमीटर

आरएक्सच्या इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या आहेत, त्यांनाच पोर्ट म्हणतात. पिस्टन खाली येताना आधी धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडते, मग दोन्ही बाजूंच्या ट्रान्स्फर पोर्टमधून क्रँककेसमधले ताजे मिश्रण वर येते. वर जाताना हाच क्रम उलटा. या खिडक्या किती उंचीवर आहेत आणि किती रुंद आहेत, यावर इंजिनाचा सारा स्वभाव ठरतो. म्हणूनच टू-स्ट्रोकच्या सुधारणेत पहिला हात पडतो तो पोर्टवर.

या इंजिनाचा बोअर ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५० मिलिमीटर. एवढ्या छोट्या मापात धुराच्या खिडकीचा वरचा काठ कानशीने केवळ एक मिलिमीटर वर नेला, तरी ती उघडी राहण्याचा काळ क्रँकच्या साडेचार-पाच अंशांनी वाढतो. खिडकी लवकर उघडली की जळालेला वायू लवकर मोकळा होतो आणि इंजिन वरच्या फेऱ्यांवर मोकळा श्वास घेऊ लागते. पण वर जाताना तीच खिडकी उशिरा बंद होते. तोवर ताजे मिश्रण बाहेर निसटत राहते आणि दाबण्यासाठी उरणारी पिस्टनची चाल तेवढी आखूड होते. परिणामी खालच्या फेऱ्यांवर गाडी मलूल पडते. शहरात मागे माणूस बसवून चढ चढताना पहिला गिअर पुनःपुन्हा टाकावा लागू लागला, की समजावे मिलिमीटर जास्त गेला.

कुशल कारागीर म्हणून आधी कानस उचलत नाही. तो सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कागद लावून खिडक्यांचा ठसा घेतो, क्रँकच्या टोकाला अंशांची चकती बसवतो आणि प्रत्येक पोर्ट कोणत्या अंशाला उघडतो ते लिहून काढतो. मग ओतकामात राहिलेले खडबडीत काठ साफ करतो, क्रँककेसचे तोंड आणि सिलिंडरचे तोंड एकमेकांशी जुळत नसेल तर ते जुळवून घेतो, गॅस्केटचा आत डोकावणारा भाग कापतो. एवढ्या निरुपद्रवी वाटणाऱ्या कामानेही इंजिन मोकळे होते, कारण कारखान्याला हजारो सिलिंडर ठरावीक खर्चात ओतायचे असतात आणि प्रत्येकावर तासभर हात फिरवणे त्याला परवडत नाही. खिडकी रुंद करताना मात्र पिस्टनच्या रिंगची काळजी घ्यावी लागते. रिंग खिडकीवरून सरकताना किंचित बाहेर फुगते. खिडकी फार रुंद झाली किंवा तिचे काठ गुळगुळीत गोलावले नाहीत, तर रिंग अडकून तुटते आणि तिचा तुकडा सिलिंडरवर ओरखडे काढत जातो. धातू घासून काढता येतो, परत लावता येत नाही.

आत येणाऱ्या मिश्रणाच्या वाटेवर रीड व्हॉल्व्ह असतो. पातळ पाकळ्यांची ही झडप आत ओढ लागली की उघडते आणि दाब उलटला की मिटते. मूळची पोलादी पाकळी टिकाऊ, पण वेगात फडफडते आणि थकून तुटलीच तर तुकडा थेट क्रँककेसमध्ये जातो. फायबरच्या पाकळ्या हलक्या, चटकन उघडमीट करणाऱ्या आणि तुटल्यास इंजिनाला कमी इजा करणाऱ्या. खर्चाच्या मानाने गुण देणाऱ्या बदलांत यांचा नंबर वरचा लागावा.

पूर्व जर्मनीतून आलेले नळकांडे

टू-स्ट्रोकच्या शक्तीचे सर्वांत मोठे रहस्य इंजिनाच्या बाहेर असते. मधोमध पोट फुगलेला, दोन्ही टोकांना निमुळता असा सायलेन्सर शर्यतीच्या गाड्यांवर दिसतो, त्याला एक्स्पान्शन चेंबर म्हणतात. त्याचे शास्त्र परिपूर्ण करण्याचे श्रेय वॉल्टर काडेन या पूर्व जर्मन अभियंत्याला दिले जाते. दुसऱ्या महायुद्धात पीनेम्युंडे येथील शस्त्रास्त्र संशोधन केंद्रात काम केलेला हा माणूस १९५० च्या दशकात एमझेड या सरकारी कारखान्याच्या शर्यत विभागाची धुरा वाहत होता. पैसा तुटपुंजा, साहित्य त्याहून तुटपुंजे. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर त्याने एक्झॉस्टमधल्या दाबाच्या लहरी न्याहाळल्या आणि त्यांनाच कामाला जुंपले.

युक्ती अशी. धुराची खिडकी उघडताच दाबाची एक लहर नळीतून धावत सुटते. नळी जेथे रुंदावते तेथून ओढ घेणारी लहर परत येते. ती सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचते आणि त्यापाठोपाठ थोडे ताजे मिश्रणही नळीत ओढून घेते. पुढे चेंबर निमुळता होतो त्या जागी मूळ लहर आपटून उलट फिरते आणि पिस्टनने खिडकी बंद करण्याच्या नेमके आधी, बाहेर आलेले मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलून देते. कोणताही फिरता भाग नसलेला हा एक पंपच.

सारा खेळ वेळेचा आहे. मिनिटाला ९,००० फेऱ्यांवर एक फेरी सेकंदाच्या दीडशेव्या भागात संपते. खिडकी अर्धी फेरी उघडी राहते असे धरले, तर लहरीला जाऊन येण्यासाठी सेकंदाचा तीनशेवा भाग मिळतो. तापलेल्या धुरात लहर सेकंदाला सुमारे ५०० मीटर धावते. म्हणजे जाण्यायेण्याचे अंतर साधारण १.६७ मीटर, आणि खिडकीपासून मागच्या निमुळत्या भागापर्यंतची लांबी त्याच्या निम्मी, ८३ सेंटिमीटरच्या आसपास. हीच नळी ६,००० फेऱ्यांवर मात्र चुकीच्या वेळी लहर परत पाठवते आणि इंजिन अडखळते. चेंबर लावलेली गाडी एका ठरावीक फेऱ्यांपर्यंत सुस्त राहते आणि मग एकदम उसळते, त्याचे कारण हे. दुसऱ्या गाडीवर छान चाललेला किंवा केवळ आवाज चांगला येतो म्हणून पसंत केलेला चेंबर आपल्या पोर्टच्या मापांशी जुळेलच असे नाही. बहुधा जुळत नाही. मधली जाळी आणि पडदे काढून मूळ सायलेन्सर ‘मोकळा’ करण्याची चाल तर सर्वांत वाईट. आरएक्सचा मूळ सायलेन्सरही लहरींचा हिशेब करूनच बनवलेला आहे. तो पोकळ केला की आवाज वाढतो, शक्ती पुष्कळदा घटते.

काडेनच्या शास्त्राची पुढची कथा शीतयुद्धाला शोभेल अशी आहे. १९६१ साली त्याचे १२५ सीसीचे इंजिन २५ अश्वशक्तीपर्यंत, म्हणजे लिटरमागे २०० पर्यंत पोचले होते. त्या वर्षीचे विश्वविजेतेपद एमझेडच्या आवाक्यात होते. सप्टेंबरमध्ये स्वीडनमधील शर्यतीत एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर याच्या इंजिनाने दगा दिला. त्याच सुमारास डेग्नरच पश्चिमेकडे निसटला आणि काडेनची विद्या घेऊन जपानच्या सुझुकीकडे गेला. १९६२ मध्ये ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद डेग्नर आणि सुझुकी यांनी मिळवले. पुढे जपानी कंपन्यांनी टू-स्ट्रोकमध्ये जी मजल मारली, तिची एक मुळी अशी पूर्व जर्मनीतल्या अपुऱ्या साधनांच्या कार्यशाळेत रुजलेली आहे.

पिस्टन का पकडतो?

पोर्ट आणि चेंबर यांनी हवा वाढली की कार्बोरेटर बदलणे ओघानेच आले. मूळच्या २० मिलिमीटरऐवजी २४ किंवा २६ मिलिमीटरचा कार्बोरेटर बसवण्याची पद्धत आहे. तोंड फार मोठे केले तर हवेचा वेग मंदावतो, पेट्रोलचे तुषार नीट होत नाहीत आणि हळू चालवताना गाडी घुटमळते. पण याहून गंभीर धोका जेटच्या निवडीत आहे. हवा वाढली आणि पेट्रोल त्या मानाने वाढले नाही तर मिश्रण ‘लीन’ होते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबरच वंगणाचे तेल आत जाते आणि आत येणारे थंड मिश्रण पिस्टनला गारवाही देते. मिश्रण लीन झाले की आग अधिक प्रखर, गारवा कमी आणि वंगण अपुरे, अशी तिन्ही संकटे एकदम येतात.

ॲल्युमिनियमचा पिस्टन लोखंडी स्लीव्हच्या जवळपास दुप्पट फुगतो. दोहोंमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची. ती संपली की पिस्टन भिंतीला धरतो. गॅरेजमध्ये याला इंजिन ‘सीझ’ झाले किंवा ‘पकडले’ म्हणतात. पूर्ण वेगात असे झाले तर मागचे चाक जागच्या जागी अडते आणि गाडी घसरत जाते. जुने स्वार वेगात असताना डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर ठेवतात ती याच भीतीने, कारण चाक मोकळे करायला मिळणारा वेळ अर्ध्या सेकंदाचाही नसतो. घाटातून थ्रॉटल बंद ठेवून, वरच्या फेऱ्यांवर दूरवर उतरत जाणे हेही धोक्याचेच. इंजिन जोरात फिरत असते आणि तेल मात्र नावापुरते मिळत असते.

म्हणून जेट मोठ्याकडून लहानाकडे आणत जावे, उलट कधीही नाही. आधी मिश्रण जाणूनबुजून दाट ठेवावे, मोकळ्या जागेत पूर्ण थ्रॉटलवर गाडी नेऊन त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करावे आणि प्लग काढून पाहावा. काळाकुट्ट ओलसर प्लग म्हणजे पेट्रोल जास्त, कॉफीसारखा तपकिरी म्हणजे ठीक, पांढुरका म्हणजे धोक्याची घंटा. आरएक्समध्ये तेलासाठी निराळी टाकी आणि पंप आहे. हा पंप थ्रॉटलच्या केबलशी जोडलेला असतो आणि कार्बोरेटर बदलल्यावर त्याची जुळणी नव्याने करावी लागते. हा पाच मिनिटांचा उद्योग विसरल्यामुळे नवे पिस्टन फुकट जातात.

वीस-तीस वर्षे जुन्या इंजिनात आणखी एक छुपा शत्रू असतो. क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी ऑइल सील कडक होऊन बाहेरची हवा आत घेऊ लागतात आणि कार्बोरेटर कितीही नीट बसवला तरी मिश्रण लीन होते. इंजिनाची सर्व तोंडे बंद करून आत थोडी हवा भरावी आणि दाब टिकतो का ते पाहावे, ही तपासणी शक्ती वाढवण्याच्या आधी व्हायला हवी. एक्झॉस्ट पोर्टमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचलेला कार्बन खरवडणे, घासलेल्या रिंग बदलणे, बेअरिंगचा खडखडाट घालवणे एवढे केले, तरी अनेकांना गाडी ‘ट्यून’ केल्यासारखी वाटते. ती कारखान्याने दिलेलीच अकरा अश्वशक्ती असते, मधल्या काळात हरवलेली.

हेड, बोअर आणि क्रँक

सिलिंडर हेड लेथवर थोडे उतरवले की ज्वलनकक्ष लहान होतो आणि दाब वाढतो. उपाय स्वस्त, म्हणून लोकप्रिय. येथेही मर्यादा आहे. पिस्टन वरच्या टोकाला असताना हेडच्या कडेशी राहणाऱ्या फटीला स्क्विश म्हणतात. एवढ्या इंजिनात ती एक मिलिमीटरच्या आसपास असावी. प्लगच्या भोकातून डाखाची तार आत घालायची, क्रँक हाताने एकदा फिरवायचा आणि चेपलेली तार मोजायची, इतकी साधी ही तपासणी. फट योग्य असेल तर मिश्रण जोराने मध्यभागी ढकलले जाऊन चटकन जळते. फार कमी असेल तर वेगात ताणलेला कनेक्टिंग रॉड पिस्टनला हेडवर आपटवतो. आणि दाब अतिरेकी झाला तर मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता आपोआप भडकते. पत्र्यावर खडे पडल्यासारखा तो आवाज काही मिनिटे चालू राहिला तरी पिस्टनच्या माथ्यावर खड्डे पडतात.

रिबोअरबद्दल तर गैरसमजच फार. सिलिंडर झिजला की तो पाव मिलिमीटरने मोठा करून मोठा पिस्टन घालतात. चार वेळा असे केल्यावर बोअर ५१ मिलिमीटर होतो आणि इंजिन ९८ वरून १०२ घन सेंटिमीटर. वाढ चार टक्के. मोठा पिस्टन घातल्याने गाडी ‘उडू लागली’ असे वाटते, त्याचे श्रेय नव्या रिंगना आणि गोल झालेल्या सिलिंडरला आहे. आरएक्स १३५ चा ५८ मिलिमीटर बोअरचा सिलिंडर बसवणे हा निराळा मामला. त्यात क्षमता खरोखर एक तृतीयांशाने वाढते, पण क्रँककेसचे तोंड कापावे लागते आणि गाडीच्या कागदपत्रांवरील सीसी खोटी ठरते.

फेऱ्या वाढवण्याचा बोजा क्रँकवर पडतो. पिस्टन दर फेरीला दोनदा थांबतो आणि उलट फिरतो. त्याचा झटका फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७,५०० वरून १०,००० वर गेलेल्या इंजिनात तो पावणेदोन पटींहून अधिक होतो. बेअरिंग, क्रँकपिन आणि कनेक्टिंग रॉड जुनेच ठेवून वरच्या भागावर खर्च करणे म्हणजे पाया न तपासता मजला चढवणे. ब्रेकचा तर विषयच कोणी काढत नाही. या गाडीचे पुढचे-मागचे दोन्ही ब्रेक ड्रमचे आणि अकरा अश्वशक्तीच्या हिशेबाने दिलेले.

फोर-स्ट्रोक गाड्यांची तऱ्हा वेगळी. २००१ मध्ये आलेल्या बजाज पल्सरनंतर शहरी तरुणाच्या हाती दीडशे-दोनशे सीसीची इंजिने आली आणि सुधारणेची हौस त्यांच्याकडे वळली. तेथे शक्ती कॅमच्या आकारात आणि हेडमधल्या वाटांत दडलेली असते. कॅम बदलून व्हॉल्व्ह अधिक काळ उघडे ठेवले की वरच्या फेऱ्यांवर लाभ आणि खाली तोटा, हा जुनाच सौदा. संपीडन गुणोत्तर नऊवरून दहावर नेले तर सैद्धांतिक कार्यक्षमता ५८.५ वरून ६०.२ टक्क्यांवर जाते. मूळच्या मानाने हा लाभ जेमतेम तीन टक्क्यांचा, आणि तोही चांगले पेट्रोल मिळाले तर. निव्वळ एअर फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर बदलून मिळणारी वाढ बहुतेकदा कानांनाच जाणवते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाल्यावर नव्या गाड्यांवर कार्बोरेटरची जागा जवळजवळ सर्वत्र फ्युएल इंजेक्शनने घेतली. आता जेटऐवजी संगणकातील इंधनाचा तक्ता बदलावा लागतो. तो बदलणारा माणूस डायनोवर चाकाची शक्ती मोजून, मिश्रणाचे प्रमाण पाहून काम करतो की अंदाजपंचे, हे गिऱ्हाइकाने आधी विचारावे. डायनोचा सुधारणेपूर्वीचा आलेख नसेल तर नंतरच्या आलेखाला अर्थ नाही.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हा अर्थ नि:संदिग्धपणे उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. आवाज आणि धूर यांच्या मानकांचा भंग केल्यास निराळी शिक्षा आहे. राज्यातील अनेक शहरांत वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे वाचकांनी पाहिली असतील.

आरएक्ससारख्या गाड्यांच्या मालकांना आणखी एक अडचण. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि त्यासाठी गाडी आरटीओच्या निरीक्षकापुढे न्यावी लागते. एक्स्पान्शन चेंबर लावलेली, धूर ओकणारी गाडी तेथे अडते. मग मूळ सायलेन्सर मित्राकडून उसना आणण्याची धावपळ सुरू होते. अपघात झाला आणि बदल विमा कंपनीला कळवलेला नसेल तर स्वतःच्या नुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो. आणि रात्री अकराला गल्लीतून फाटका आवाज करीत जाणाऱ्या गाडीचा त्रास तेथील आजारी माणसांना, लहान मुलांना होतो, याची नोंद कुठल्याच डायनोवर होत नाही.

शक्ती वाढवलेल्या इंजिनाची हक्काची जागा शर्यतीचा ट्रॅक हीच. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या शर्यती पूर्वी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत, नंतर त्या चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टई येथील ट्रॅकवर गेल्या. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे हे दुसरे केंद्र. महाराष्ट्रातील हौशी स्वारांना सर्किट शर्यतीसाठी बहुधा दक्षिणेची वाट धरावी लागते. जवळच्या जवळ पाहायचे तर लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. तेथे नंबर प्लेट लागत नाही, समोरून कोणी येत नाही आणि रुग्णवाहिका उभी असते.

जुन्या आरएक्सच्या बाजारात गेल्या काही वर्षांत एक बदल झाला आहे. सुरुवातीच्या काळात जपानहून आलेल्या सुट्या भागांच्या गाड्यांना चढी किंमत मिळते, आणि त्यातही मूळ मापाचा सिलिंडर असलेल्या गाडीला अधिक. जाणता गिऱ्हाईक गाडी चालवून पाहण्याआधी सायलेन्सरचे दोन नट काढायला सांगतो. मग टॉर्चच्या उजेडात तो एक्झॉस्ट पोर्टचा वरचा काठ न्याहाळतो. त्यावर कानशीच्या खुणा दिसल्या, तर विकणाऱ्याने गाडीच्या वेगाचे कितीही वर्णन केले तरी किंमत तेथेच खाली येते.